लेकीकडे जायचंय, फाईलमध्ये काय काय लावायचं?

परदेशातल्या मुलीचं बाळंतपण, मुलाचा पदवीदान समारंभ, नातवाचा पहिला वाढदिवस, नाहीतर नुसताच ‘आई-बाबा, एकदा येऊन तर जा’ हा वर्षानुवर्षांचा आग्रह. कारण कुठलंही असो, तारखा ठरतात आणि पाठोपाठ घरात कागद गोळा व्हायला लागतात. कपाटातून एफडीच्या पावत्या बाहेर येतात, पासबुक भरून आणायला बँकेत फेरी होते, गावाकडच्या भावाला सातबाऱ्यासाठी फोन जातो. सोसायटीतले नुकतेच अमेरिकेला जाऊन आलेले काका आपली यादी देतात, ट्रॅव्हल एजंट दुसरी देतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तिसरी येते. तिन्ही याद्यांतलं सगळंच लावून टाकू, जास्त झालं तर बिघडलं कुठे, असं म्हणत फाईल जाडजूड होते.

बिघडतं ते इथेच. ही फाईल ज्याच्या हाती जाणार, त्या अधिकाऱ्याने अर्जदाराचं घर, गाव, शेती, माणसं यांतलं काहीही पाहिलेलं नसतं. बहुतेक देशांच्या बाबतीत तो अर्जदाराला भेटतही नाही. त्याच्यासमोर फक्त अर्ज आणि कागद असतात, आणि निर्णयासाठी वेळ थोडा असतो. तेवढ्या वेळात एका अनोळखी माणसाला एका कुटुंबाची खरी परिस्थिती कळावी, हे त्या फाईलचं काम. कोणता कागद कशासाठी लावायचा हे आधी कळलं, तर निम्मी धावपळ वाचते आणि नकाराची शक्यताही कमी होते.

कायद्याची सुरुवात संशयापासून

अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यात २१४(बी) नावाचं एक कलम आहे. व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायला येतोय असं हे कलम गृहीत धरतं, आणि तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतं. मुंबईत, दिल्लीत किंवा हैदराबादेत ज्यांना पर्यटक व्हिसा नाकारला जातो, त्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा याच कलमाचा आकडा असतो.

इतर देशांची भाषा जरा वेगळी, पण रोख तोच. कॅनडाच्या नियमानुसार मुदत संपण्याआधी पाहुणा देश सोडून जाईल याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. ब्रिटन अर्जदार ‘खरा पाहुणा’ आहे का हे तपासतो. युरोपातल्या शेंगेन गटाच्या २९ देशांना २००९ ची एकच व्हिसा संहिता लागू आहे. माणूस परत जाईल याबद्दल रास्त शंका असेल तर त्या संहितेनुसार व्हिसा नाकारता येतो.

थोडक्यात, प्रत्येक देश ५ प्रश्न विचारत असतो. तुम्ही कोण? कशासाठी येताय? किती दिवस आणि राहणार कुठे? खर्च कोण करणार? आणि परत का जाल? फाईलमधल्या प्रत्येक कागदाने यांपैकी एका तरी प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. जो कागद कशाचंच उत्तर देत नाही, तो बाजूला काढावा. ज्या प्रश्नाला एकही कागद नाही, त्यासाठी मात्र खटपट करावी.

एक माणूस, चार नावं

पहिला प्रश्न सर्वांत सोपा वाटतो आणि मराठी घरांत तिथेच पहिली गाठ बसते. आईचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलण्याची पद्धत होती. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर दुसरं, बँकेत नुसती आद्याक्षरं आणि आडनाव, पासपोर्टवर पूर्ण नाव असा प्रकार होतो. वडिलांच्या नावापुढे कुठे ‘राव’ लागतो, कुठे नाही. ‘शिंदे’ हे आडनाव इंग्रजीत २ तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आपल्याला ही सगळी एकाच व्यक्तीची नावं आहेत हे लगेच कळतं. परक्या अधिकाऱ्याला ती ३ वेगळी माणसं वाटू शकतात.

जन्मतारखेचंही तसंच. महाराष्ट्रात गेल्या पिढीतल्या हजारो लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहून टाकली. तारीख कुठलीही असो, पासपोर्ट, पॅन आणि आधार यांवर ती एकच असली पाहिजे.

म्हणून सगळ्यात आधी पासपोर्ट समोर ठेवावा आणि बाकीचे कागद त्याच्याशी एकेक करून ताडून पाहावेत. लग्नामुळे बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला हा मुख्य पुरावा. जुन्या पिढीतल्या अनेक लग्नांची नोंदणीच झालेली नसते; ती आजही ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत करून घेता येते, पण वेळ लागतो. पहिलं नाव बदललेलं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी उपयोगी पडते. किरकोळ फरकासाठी ‘ही दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र जोडता येतं. मुलाशी किंवा मुलीशी असलेलं नातं दाखवायला बहुतेकदा वेगळा दाखला लागतही नाही. मुलाच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं छापलेली असतात. त्या पानाची प्रत त्याच्याकडून मागवून घ्यावी आणि त्यावरची नावं आपल्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतात का, हे बघावं.

पासपोर्टची मुदतही याच वेळी तपासून घ्यावी. शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि २ पानं कोरी असलेला लागतो. जुना पासपोर्ट रद्द झालेला असला तरी त्यावर आधीचे व्हिसा असतील तर तो जपून न्यावा. वेळेवर परत आल्याचा त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

पैसा किती, त्याहून तो आला कुठून

बँकेत किती शिल्लक असली म्हणजे व्हिसा मिळतो, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. याला एकच आकडा नाही. खर्च प्रवासाच्या मानाने झेपणारा आहे का, हे बघितलं जातं. काही देश मात्र रोजचा हिशोब देतात. फ्रान्समध्ये हॉटेलचं आरक्षण असेल तर माणशी रोज ६५ युरो, आरक्षण नसेल तर १२० युरो, आणि तिथल्या नातेवाइकाने नगरपालिकेचं अधिकृत निमंत्रणपत्र दिलं असेल तर ३२.५० युरो दाखवावे लागतात.

आकड्यापेक्षा महत्त्वाची असते ती रकमेची वाट. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना स्पष्टच सांगतात की पैसे आहेत हे दाखवाच, ते आले कुठून हेही दाखवा. खात्यात महिनोन्महिने ३०-४० हजार रुपये आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक ८ लाख, असं स्टेटमेंट पाहून अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न त्या ८ लाखांबद्दल असतो. रक्कम खरोखर स्वतःची असेल, म्हणजे एफडी मोडली, गाडी विकली, निवृत्तीचे पैसे आले, तर त्याचा कागद जोडावा आणि पत्रात एका ओळीत सांगून टाकावं. बाकी साधारण यादी अशी: ३ ते ६ महिन्यांचं बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट, २-३ वर्षांचे प्राप्तिकर विवरणाचे कागद, नोकरदार असेल तर पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६, निवृत्त असेल तर पेन्शनचा आदेश आणि ज्या खात्यात पेन्शन जमा होते त्याचं स्टेटमेंट, व्यवसाय असेल तर दुकानाचा परवाना किंवा उद्यम नोंदणी आणि जीएसटीचे कागद.

सगळ्यात अवघड फाईल असते शेतकऱ्याची. समजा, कराड भागातलं एक जोडपं आहे. ३ एकर ऊस, मुलगा जर्मनीत नोकरीला. उन्हाळ्यानंतर जायचं म्हणून त्यांनी ऑक्टोबरमध्ये अर्ज केला आणि यादीत होतं तसं शेवटच्या ६ महिन्यांचं स्टेटमेंट लावलं. गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च असा चालतो आणि बहुतेक ऊसबिल त्याच सुमाराला जमा होतं. म्हणजे नेमक्या त्या ६ महिन्यांत खात्यात खतांचे, मजुरीचे, औषधांचे खर्चच दिसणार. वर्षभर व्यवस्थित चालणारं घर त्या कागदावर ओढगस्तीचं दिसतं.

याला उपाय आहे. पूर्ण वर्षाचं, जमलं तर २ वर्षांचं स्टेटमेंट लावावं. कारखान्याकडून आलेल्या रकमांवर खूण करावी. त्या रकमांशी जुळणाऱ्या ऊसबिलाच्या पावत्या शेजारी ठेवाव्यात. सातबाऱ्यावर त्याच वर्षाची पीकनोंद ‘ऊस’ आहे ना, ते पाहावं. भाजीपाला, सोयाबीन किंवा कांदा बाजार समितीत जात असेल तर आडत्याची पट्टी ठेवावी. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नसला, तरी विवरणपत्रात ते दाखवता येतं; वर्षानुवर्षं दाखवलेलं असेल तर तो भक्कम पुरावा ठरतो. आणि या सगळ्यावर ४ ओळींचं पत्र: आमचं उत्पन्न उसाचं आहे, ते वर्षातून अमुक महिन्यांत येतं, स्टेटमेंटवर अमुक नोंदी पाहाव्यात. एवढं केलं की ओसाड दिसणारं खातं समजण्यासारखं होतं.

गृहिणीची फाईल हाही असाच दुर्लक्षित विषय. तिच्या नावावर ना पगार, ना विवरणपत्र, ना खातं, म्हणून घाईघाईत एखादं खातं उघडून त्यात मोठी रक्कम टाकली जाते. त्याची गरज नसते. पतीचं स्टेटमेंट, विवाहाचा दाखला आणि ‘पत्नीचा खर्च मी करणार आहे’ असं पतीचं सही केलेलं पत्र, हा सरळ आणि खरा मार्ग आहे.

बोलावणारा कोण

मुलगा किंवा मुलगी खर्च करणार असेल, तर त्यांचेही कागद लागतात: तिथे कायदेशीर राहण्याचा पुरावा, नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, घराचा करार, बँक स्टेटमेंट. निमंत्रणपत्रात कोण येणार, नातं काय, कधीपासून कधीपर्यंत, राहणार कुठे, खर्च कुणाचा, या गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या हव्यात. कॅनडाचं स्थलांतर खातं अशा पत्रात काय असावं याची यादीच देतं. त्यात पाहुण्याची जन्मतारीख आणि पत्ता, परतीची तारीख, आणि बोलावणाऱ्याची नोकरी व घरातली माणसं, इतके सगळे तपशील येतात.

काही देशांत साध्या पत्राऐवजी सरकारी कागद लागतो. जर्मनीत बोलावणारा माणूस तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र करून देतो. पाहुण्याच्या राहण्याचा, औषधपाण्याचा, गरज पडली तर परतीचाही खर्च तो कायद्याने स्वतःवर घेतो. त्यासाठी त्याचा पगार तपासला जातो. फ्रान्समधलं निमंत्रणपत्र नगरपालिकेतून मिळतं. अशा कार्यालयांत वेळ घ्यावी लागते, म्हणून मुलांनी ते काम आधी हाती घ्यावं. मूळ कागद कुरिअरने भारतात यायलाही दिवस लागतात.

कॅनडातल्या मुलांकडे दीर्घकाळ राहायचं असेल तर वेगळी सोय आहे. २०११ च्या डिसेंबरपासून आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा मिळतो. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका खेपेत ५ वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर असावं लागतं, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, १ वर्षाचा आरोग्यविमा काढावा लागतो आणि वैद्यकीय तपासणी होते. शेंगेनसाठी विमा लागतो तो किमान ३० हजार युरोचा.

परत का येणार

हा प्रश्न अनेकांना अपमानास्पद वाटतो. साठी-पासष्टी ओलांडलेली, घरदार, शेजार, देवधर्म सगळं इथे असलेली माणसं परक्या देशात बेकायदा कशाला राहतील? पण ही गोष्ट मनात असून चालत नाही, ती कागदावर यावी लागते.

शेंगेनच्या व्हिसा संहितेच्या जोडपत्रात याची यादी आहे: परतीचं आरक्षण, नोकरीचा पुरावा, मायदेशातली मालमत्ता, कुटुंब आणि व्यवसायाचे धागे. नोकरदारासाठी कंपनीचं ना हरकत पत्र आणि रजा मंजुरी, त्यात हुद्दा, पगार, नोकरीत लागल्याची तारीख आणि पुन्हा रुजू होण्याची तारीख असावी. निवृत्त माणसासाठी दर महिन्याची पेन्शन, स्वतःच्या घराचा कागद, इथे राहणारं दुसरं अपत्य, सांभाळावी लागणारी वृद्ध आई. व्यावसायिकाने आपल्या गैरहजेरीत दुकान कोण पाहणार, हे लिहावं. शेतकऱ्याने पुढच्या हंगामाची तारीख सांगावी. जूनमध्ये पेरणीला परत यायचं आहे, हे कारण खरं आणि सहज समजण्यासारखं असतं.

तिकिटाबाबत एक धोका टाळावा. बहुतेक देश व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट काढू नका, असंच सांगतात. शेंगेनसाठी आरक्षण चालतं. परत न मिळणाऱ्या दराचं तिकीट आधी काढून बसलं म्हणून व्हिसा मिळत नाही, पैसे मात्र अडकतात.

सातबारा इंग्रजीत

मराठी कागद तसाच लावला तर त्याचा उपयोग शून्य. ब्रिटनला इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क, एवढ्या गोष्टी असाव्या लागतात. इतर देशांच्या अटी थोड्याफार अशाच आहेत.

सातबारा हा यातला कसोटीचा कागद. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाची, कोणत्या हक्काने आणि किती, हे असतं. नमुना १२ मध्ये पिकांची नोंद. त्यात ‘भोगवटादार वर्ग १’ असतं, ‘पोटखराबा’ असतो, फेरफाराचे आकडे असतात. क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये लिहिलेलं असतं. ०.८० म्हणजे ८० आर, साधारण २ एकर, हे भाषांतरात कंसात आलं तर वाचणाऱ्याला अंदाज येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नावं. वडिलोपार्जित जमिनीच्या उताऱ्यावर ४ भाऊ, २ बहिणी आणि आईचंही नाव असतं. सगळी जमीन आपलीच असल्यासारखं दाखवलं, आणि शेजारच्या रकान्यात ७ नावं दिसली, तर विश्वासाला तडा जातो. खातेउतारा, म्हणजे ८-अ, सोबत लावावा आणि आपला हिस्सा किती ते पत्रात सांगावं.

काय लावू नये

काय लावू नये, हेही ब्रिटनचं सरकार लिहून देतं. गाडीचं आरसी, वाहन चालवण्याचा परवाना, क्रेडिट कार्डाची बिलं, घरचे फोटो, व्यवसायाची कार्डं, हॉटेल आणि विमानाची आरक्षणं, खेळातली प्रमाणपत्रं, वर्षापेक्षा जुनी बँक स्टेटमेंटं. यांतल्या कशाचाही निर्णयाला उपयोग होत नाही. मात्र प्रत्येक देशाची यादी वेगळी. ब्रिटन जो प्रवासविमा मागत नाही, तो शेंगेनला सक्तीचा आहे. म्हणून शेजारच्या काकांच्या फाईलची नक्कल करण्याऐवजी ज्या देशात जायचं, त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरची यादी अर्जाच्या वेळी पुन्हा एकदा वाचावी.

लावण्यासारखं राहून जातं ते एक पत्र. आपण कोण, कशासाठी जातोय, किती दिवस, खर्च कोणाचा, परत कधी आणि का, हे एका पानात साध्या भाषेत लिहावं, आणि खाली कागदांची क्रमवार यादी द्यावी. फाईलमधली जी गोष्ट विचित्र दिसू शकते, ती लपवण्याऐवजी या पत्रात आपणच सांगावी.

अमेरिकेत अर्ज हीच फाईल

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची तऱ्हा निराळी. तिथे डीएस-१६० नावाचा ऑनलाईन अर्ज भरायचा, एका भेटीत बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे आणि दुसऱ्या भेटीत मुलाखत. मुंबईचा वाणिज्य दूतावास २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अर्जदार २ किलोची फाईल घेऊन रांगेत उभा राहतो, खिडकीपाशी २-३ मिनिटं बोलणं होतं आणि अनेकदा फाईल उघडलीही जात नाही. ‘कागदच बघितले नाहीत’ ही तक्रार त्यामुळे नेहमीची. अमेरिकेचं परराष्ट्र खातं मात्र आधीच सांगतं की पर्यटक व्हिसासाठी निमंत्रणपत्र किंवा खर्चाच्या हमीचं प्रतिज्ञापत्र लागत नाही. अर्जदाराची स्वतःची परिस्थिती बघितली जाते.

म्हणून अर्जातलं प्रत्येक उत्तर मोलाचं. आणि हा अर्ज बहुधा आई-वडील भरतच नाहीत. मुलगा न्यू जर्सीतून रात्री बसून भरतो, सबमिट करतो आणि पावती पाठवून देतो. त्यात नातेवाइकांबद्दल, पूर्वी नाकारलेल्या व्हिसाबद्दल, गेल्या ५ वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांबद्दल, कुणी कायमच्या स्थलांतरासाठी अर्ज केला आहे का याबद्दल प्रश्न असतात. खिडकीपाशी वडील ‘३ महिने राहणार’ म्हणतात आणि अर्जात ६ महिने लिहिलेले असतात. भरलेल्या अर्जाची प्रत काढून दोघांनी शांतपणे वाचणं, ही मुलाखतीची खरी तयारी. व्हिसा १० वर्षांचा मिळाला तरी प्रत्येक खेपेला किती दिवस राहता येईल हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो; साधारणपणे ती मुदत ६ महिन्यांची असते.

शॉर्टकटची किंमत

‘१५ दिवसांसाठी खात्यात १० लाख ठेवून देतो’, ‘कंपनीचं पत्र करून देतो’, ‘मागचा नकार लिहूच नका, त्यांना काय कळतं’. अशी मदत देणारे आजूबाजूला भेटतात. सहीखाली नाव मात्र अर्जदाराचं असतं आणि परिणामही त्यालाच भोगावे लागतात. खोटी माहिती किंवा बनावट कागद उघड झाल्यास कॅनडा ५ वर्षांची बंदी घालतो. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी १० वर्षांची बंदी आहे. ऑस्ट्रेलियात बनावट कागदासाठी ३ वर्षं, ओळखच खोटी असेल तर १० वर्षं. अमेरिकेत तर खोटेपणा सिद्ध झाला की माणूस कायमचा अपात्र ठरतो. ज्या नातवासाठी हे सगळं केलं, तो शाळा संपवून कॉलेजात जाईपर्यंत भेट लांबते.

व्हीएफएसबद्दलही एक समज दूर व्हायला हवा. २००१ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही कंपनी अनेक देशांच्या वतीने अर्ज स्वीकारते, ठसे घेते, पासपोर्ट पोचवते. व्हिसा द्यायचा की नाही, हे तिथला कर्मचारी ठरवत नाही आणि जास्तीच्या सेवा विकत घेतल्याने निकाल बदलत नाही.

नकार आलाच तर

नकाराचं पत्र आलं की घरात मौन पसरतं, पण ते पत्र नीट वाचावं. शेंगेनचा नकार ठरलेल्या नमुन्यात येतो आणि त्यात कारणावर खूण असते: प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही, खर्चाचा पुरावा पुरेसा नाही, परत जाण्याबद्दल शंका आहे, इत्यादी. त्यावर अपील करण्याचा हक्क असतो, पद्धत त्या त्या देशाची. जर्मनीने दूतावासाकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली, त्यामुळे आता कोर्ट किंवा नवा अर्ज हेच मार्ग उरले आहेत. ब्रिटनने नातेवाइकांकडे जाणाऱ्या पाहुण्यांचा अपिलाचा हक्क २०१३ मध्ये काढून घेतला. कॅनडात माहिती मागवण्याच्या कायद्याखाली अधिकाऱ्याच्या नोंदी मिळवता येतात आणि नेमकं काय खटकलं ते कळतं.

बहुतेकांसाठी नवा अर्ज हाच व्यवहार्य रस्ता. पण तीच फाईल पुन्हा दिली तर उत्तरही तेच येण्याची शक्यता. ज्या कारणावर बोट ठेवलं आहे, त्याचाच नवा पुरावा जोडावा आणि मागचा नकार अर्जात खरा लिहावा.

वेळेचं गणित सोपं आहे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. ब्रिटनला ३ महिने आधीपासून अर्ज होतो आणि निकालाला सहसा ३ आठवडे लागतात. मे महिन्यात जायचं असेल तर नावांची आणि दाखल्यांची दुरुस्ती दिवाळीनंतर लगेच, जर्मनीच्या हमीपत्राची वेळ जानेवारीत, आणि बँकेचं स्टेटमेंट अगदी अर्जाच्या आठवड्यात, अशी वाटणी केली तर घरात ओढाताण होत नाही.

पहिला व्हिसा मिळाला म्हणून फाईल रद्दीत टाकू नये. युरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ रोजी भारतीयांसाठी नवा नियम केला: ३ वर्षांत २ शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा २ वर्षांचा, आणि त्यानंतर ५ वर्षांचा व्हिसा मिळू शकतो, पासपोर्टची मुदत तेवढी असली तर. पुढच्या अर्जात आधीच्या प्रवासाच्या तारखा, मागे लिहिलेला पत्ता, उत्पन्न, नातेवाइकांची नावं पुन्हा विचारली जातात. भरलेल्या अर्जाची, पत्राची आणि विमान प्रवासाच्या कागदांची एक प्रत घरी आणि एक मुलांच्या संगणकावर जपून ठेवली, तर दुसऱ्या खेपेला अर्धी फाईल आधीच तयार असते.